उजेडाचे हिशेबनीस

आमच्या सोसायटीत त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. ‘मीटरकाका’ म्हटलं की वॉचमनसुद्धा तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवतो. नवीन भाडेकरूंना ते वीज खात्यातले वाटतात, आणि कोणी ना कोणी वाढलेल्या बिलाचं गाऱ्हाणं त्यांच्याकडे नेतंच. काका ते शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, “तुमच्या हॉलमध्ये दुपारी उजेड किती असतो, मोजलाय कधी?”

या साऱ्याचं मूळ एका जुन्या कॅमेऱ्यात. तो त्यांनी एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात, एक मिक्सर आणि मोडकी दुर्बीण यांच्या मधून उचलला, तोही हातातला चहा गार व्हायच्या आत. झोर्की-४, रशियन बनावटीचा, चांगला वजनदार, आणि सेल घालायला कुठेही खाच नसलेला. छिद्र किती उघडायचं आणि शटर किती वेळ, ते धन्याने ठरवायचं. आधी रोल पुढे ओढून शटर चढवायचं, मगच वेगाची चकती फिरवायची, एवढीच त्याची अट. एवढ्या साध्या जिनसेसाठी उजेड मोजायचं मीटर निवडायला काका बसले, ते अजून उठलेले नाहीत.

पहिला आला वेस्टन. त्याला सेल लागत नाही. सेलेनियमवर उजेड पडला की तिथेच वीज तयार होते आणि काटा हलतो. “अमेरिकेचे फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स वेस्टन वापरायचे,” असं काका सांगतात, आणि ते खरं आहे. पण सेलेनियमलाही म्हातारपण येतं. काकांचा वेस्टन गच्चीवर उन्हात तरतरीत असायचा, आणि जिन्यात उतरला की काटा जो आडवा व्हायचा तो चपराक मारूनही उठत नसे.

मग आला जर्मन गॉसेन लूनासिक्स. हा चांदण्यातही वाचतो. मात्र त्याला १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे दोन सेल लागतात, आणि ते पाऱ्यापायी केव्हाच बाजारातून हद्दपार झाले. त्यांच्या जागी श्रवणयंत्रातले ६७५ नंबरचे सेल चालतात, असा शोध काकांना एका रात्री लागला. घरात श्रवणयंत्र होतं. सासूबाईंचं. दोन्ही कानांचं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाची कथा आजींनी नुसती पाहिली, आणि लूनासिक्सने गणपतीच्या तसबिरीवरचा उजेड बिनचूक सांगितला.

काकूंनी ते सेल परत मिळवले, पण तोवर काकांना तत्त्वज्ञान सापडलं होतं. वस्तूवरून परत येणारा उजेड मोजणारं मीटर म्हणे मुळात फसवं असतं. त्याला सगळं जग मध्यम करडं वाटतं. पांढरंशुभ्र धोतर दाखवा नाहीतर काळी म्हैस, दोन्ही करडी करायचा आकडा ते देणार. खरा उपाय म्हणजे वस्तूवर पडणारा उजेड मोजायचा. त्यासाठी पांढऱ्या घुमटाचा सेकोनिक आला. हा घुमट माणसाच्या तोंडाजवळ धरून कॅमेऱ्याकडे रोखायचा असतो. काकांनी तो आजींच्या हनुवटीखाली धरला.

“ताप नाहीये मला,” आजी म्हणाल्या.

“ताप नाही, उजेड मोजतोय.”

“सकाळीच बघितला हिने. अठ्ठ्याण्णव!”

काका चार पावलं मागे आले, छिद्र लावलं, शटर लावलं, डोळा कॅमेऱ्याला भिडवला, आणि सूर्यापुढे ढग आला. काका परत हनुवटीपाशी. ढग गेला. काका परत. तेवढ्यात आजी उठून देवघरात गेल्या. तिथला उजेड, काकांच्या वहीनुसार, अंगणापेक्षा सात स्टॉपने (दर स्टॉपला निम्मा) कमी आहे.

आमच्या गल्लीत एक जुने स्टुडिओवाले आहेत. आयुष्यभर लग्नं काढली, मीटर कधी खिशात ठेवलं नाही. काकांनी त्यांना दारात गाठून विचारलं, “इथे काय द्याल?” त्यांनी समोरच्या भिंतीकडे एकदा पाहिलं. “एकशेपंचवीस, आठ.” काकांनी तिन्ही मीटरं बाहेर काढली. एक आठ म्हणालं, एक साडेपाचच्या पुढे, एक अकराच्या अलीकडे. काका घामाघूम. “सरासरी काढा,” स्टुडिओवाले म्हणाले आणि शटर ओढून जेवायला गेले. दुकानाचं शटर.

वास्तविक पुण्याच्या उन्हात या साऱ्याची गरज फार थोडी. भर उन्हात छिद्र सोळावर ठेवावं, आणि शंभरचा रोल असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. चुकलंच तर निगेटिव्ह रोल एक-दोन स्टॉप जास्तीचा उजेड मुकाट्याने गिळतो. नखरे असतात स्लाइडचे. काका स्लाइड वापरत नाहीत, पण काळजी तिचीच करतात. घरात, संध्याकाळी, देवळाच्या गाभाऱ्यात मीटर हवं हे मलाही मान्य आहे, आणि माझं मत विचाराल तर घुमटाचं एक साधं मीटर घ्यावं आणि विषय संपवावा. काका मला विचारत नाहीत.

एकदा मीच त्यांना छेडलं. १९४१ साली न्यू मेक्सिकोत ॲडम्सना हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र दिसला, तेव्हा मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता त्यांना पाठ होती, तिच्यावरून हिशेब करून त्यांनी फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत तिथल्या कबरींच्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. “म्हणजे बघा, मीटरशिवाय!” मी म्हणालो.

“सापडलं नाही,” काका म्हणाले. “होतं त्यांच्याकडे.” आणि वही काढून चंद्राची तेजस्विता लिहून घेतली: दर चौरस फुटाला २५० कँडल.

मोबाइलमध्ये फुकट मीटर मिळतं हे त्यांना भाच्याने दाखवलं. काकांनी ते हसण्यावारी नेलं, पण हल्ली कट्ट्यावर पाठमोरे बसून ते मोबाइल आभाळाकडे धरतात, ते रेंजसाठी नव्हे. काकू एकदाच म्हणाल्या, “अहो, मोबाइल धरलाच आहे तर त्यातच काढा की फोटो.” त्या दिवशी काका जेवले नाहीत.

अखेर मीटर ठरलं. स्टॉपचा दहावा भाग दाखवणारं, नवंकोरं. आम्ही पेढे मागितले. पण त्याच आठवड्यात कोणीतरी काकांच्या कानावर घातलं की जुन्या झोर्कीचं शटर पाचशेवर लावलं तरी पाचशेने चालेलच असं नाही. मीटर दशांशात बोलणार आणि शटर मनाला येईल तसं उघडणार, तर हिशेबाला अर्थ काय? आता काका शटरचा वेग तपासायचं यंत्र शोधतायत. त्यातही दोन प्रकार आहेत म्हणे.

रोल फ्रिजमध्ये आहेत, लोणच्याच्या बरणीमागे. मुदत उलटलेल्या रोलला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जास्त उजेड द्यावा असा एक ठोकताळा आहे. काकांनी त्याचं पुढच्या तीस वर्षांचं कोष्टक करून फ्रिजच्या दारावर लावलंय.