ब्रेकला हात लावाल तर खबरदार

प्रति,
सांगली-सातारा पट्ट्यातले तमाम ट्रकचालक,
(गाडी बाजूला घेऊन वाचावे. दंड झाल्यास तो तुमच्या भत्त्यातून जाईल.)

चालक बंधूंनो,

मी एक गाडीमालक. गाड्या चार, हप्ते पाच. हळद, गूळ, बेदाणा, साखर, जे भरेल ते सांगली-कराडकडून वाशीला पोचवतो. म्हणजे पोचवता तुम्ही. मी फक्त दर तासाला फोन करून ‘कुठं आलास?’ एवढं विचारतो. हल्ली तुमच्यातल्या काही तरुण पोरांनी नवीनच टूम काढली आहे. निघण्यापूर्वी ब्रेक आम्ही बघणार, ढिले असले तर आम्हीच आवळणार, आणि त्यासाठी गाडीत पाना हवा! टोळधाड पहिल्याच दिवशी हाकलावी लागते, म्हणून हे जाहीर पत्र.

ब्रेक हे मिस्त्रीचं काम आहे. मिस्त्री आपल्याकडे येत नाही असं नाही. पासिंग जवळ आलं की येतोच. नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी एकदा पासिंग, त्यानंतर दरवर्षी. सरकारलाच जिथं घाई नाही तिथं तुम्हाला दर खेपेला कसली घाई? पासिंगच्या दिवशी माझ्या गाडीचे टायर बघा, लायनर बघा, इंडिकेटर बघा. नवरी मुलगी. टायर संध्याकाळी ज्याचे त्याला परत जातात ही गोष्ट वेगळी.

मुळात ब्रेक ढिले आहेत हे तुम्हाला कळतं कशावरून? मी स्वतः पायानं दाबून बघितलंय, पेडल चांगलं लागतं. यावर आमचा एक शिकलेला पोरगा मला म्हणाला, “मालक, कारचं पेडल ढिलं झालं की खाली जातं, पायाला कळतं. आपल्याकडं पायानं नुसता व्हॉल्व्ह उघडतो, ढकलायचं काम टाकीतली हवा करते. ब्रेक मरायला टेकले तरी पेडल तसंच लागणार.” मग तो जमिनीवर उकिडवा बसून काडीनं चित्रच काढायला लागला. हवा चेंबरात शिरते, दांडा बाहेर ढकलते. दांडा स्लॅकला, म्हणजे ब्रेक ज्यावर आवळतात त्या दांडीला, फिरवतो, स्लॅक कॅमला, आणि कॅम ब्रेक शूंना ड्रमवर दाबतो. शूवरचं लायनर झिजलं की दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. दांड्याची धाव संपली, की पाय केबिनच्या पत्र्यातून आरपार घातलात तरी पुढं काही नाही. वर घाटात ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो, तेव्हा धाव आणखी वाढते. म्हणून कराडात बरे वाटलेले ब्रेक खंबाटकीच्या पलीकडं जातात.

आता मला सांगा, एवढं ज्ञान पगारी माणसाला असणं बरं आहे का?

हाच पोरगा गेल्या खेपेला खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडं, वेळ्याला, गाडी लावून बसला. मी जीपीएसवर बघतोय, ठिपका हलायला तयार नाही. फोन केला तर म्हणे, चाकांना दगड लावलेत, हँडब्रेक सोडलाय, हवा भरलीय, इंजिन बंद आहे. चहाच्या गाडीवरच्या माणसाला केबिनमध्ये बसवून ब्रेक दाबून धरायला सांगितलाय, आणि स्वतः हा खाली एक्सलपाशी आडवा. दांडा चेंबरातून निघतो तिथं खडूची रेघ मारायची, ब्रेक दाबल्यावर रेघ किती पुढं आली ते पट्टीनं मोजायचं. मागच्या डाव्या चाकाची रेघ जरा जास्तच पुढं आली होती. स्लॅक जुना, हातानं सेट करायचा. यानं कुणाचा तरी पाना मागून आणला, शू ड्रमला टेकेपर्यंत नट फिरवला, मग अर्ध्या फेऱ्याच्या आत उलटा सोडला, पुन्हा मोजलं, हात पुसले आणि चहा पिऊन निघाला. माझा अर्धा तास गेला. खरं तर या कामाला दुसरा माणूस लागतो म्हणूनच पूर्वी गाडीवर क्लीनर असायचा. तो आपण काढला. पगार वाचला, आणि चहावाला फुकट मिळतो हेही कळलं.

माझ्या दोन नव्या गाड्यांना ऑटो स्लॅक आहे. तो आपला आपण सेट होतो. त्याला मात्र हातानं फिरवू नका असं कंपनी सांगते, अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षेच्या यंत्रणाही सांगतात. कारण सरळ आहे. ऑटो असूनही ढिला पडला, म्हणजे दोष बहुधा दुसरीकडं आहे: बुश झिजलंय, कॅम अडकतोय, बसवताना काहीतरी चुकलंय, नाहीतर स्लॅकच गेलाय. पान्यानं आवळला की चार दिवस बरा वाटतो आणि दोष आत झाकून राहतो. हे वाचून मला कोण आनंद झाला! छापील पुरावाच मिळाला. मी त्या पोराला ऐकवलं, “बघ, हात लावायचा नाही.” तो शांतपणे म्हणाला, “नाही लावत. पण मोजणार. जास्त आली रेघ तर गाडी गॅरेजला.”

तेव्हा लक्षात आलं, बंधूंनो, की मला भीती पान्याची नाहीच. पान्यानं काम होतं आणि गाडी निघते. भीती खडूची आहे. खडू हातात आला की चालक म्हणतो, गाडी निघणार नाही.

पुण्यातल्या नवले पुलाचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. २० नोव्हेंबर २०२२ ला साताऱ्याकडून आलेली जड गाडी कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर सुटली आणि ४८ गाड्यांचं नुकसान झालं. पहिल्यांदा सगळे म्हणाले, ब्रेक फेल. मग पोलिसांच्या तपासात पुढं आलं की उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली होती. बघा, ब्रेक निर्दोष सुटले! आमचा पोरगा यावरही बोललाच. गिअर नाही म्हणजे इंजिनाची ओढ नाही, इंजिन नाही म्हणजे कॉम्प्रेसर नाही, प्रत्येक दाबाला हवा कमी होत जाणार, भरणार कोण? बरं, आणि न्यूट्रल कशासाठी, तर डिझेल वाचायला. ॲव्हरेज मी विचारतो हे खरं. कमी आलं तर पैसे कापतो हेही खरं. पण उतारावर गाडी मोकळी सोडा असं मी कुणाला कधी लेखी दिलंय का?

परदेशाचे दाखले तर देऊच नका. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात म्हणे हवेच्या ब्रेकची गाडी चालवायला परवान्यावर वेगळी नोंद लागते, परीक्षेत ब्रेक तपासून दाखवावे लागतात, आणि मोठ्या उताराच्या माथ्यावर ब्रेक बघायला गाडी थांबवायची खास जागा असते. तिथं आपली पंजाबी पोरं निमूट उतरून गाडीखाली वाकतात. असेल. आपल्याकडं घाटाच्या तोंडाशी थांबायची जागा म्हणजे वडापाव. एसटीचंही सांगू नका. तिथं चालकानं दोष लिहून द्यायचा आणि आगारातल्या मेकॅनिकनं बघायचं. मी आगार कुठून आणू? (सही करून दोष लिहून घ्यायला एक वही पुरते, असं हिशेबनीस म्हणाला. हिशेबनीस बदलायला झालाय.)

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० मी वकिलाकडून समजून घेतलं. गाडीतला धोकादायक दोष माहीत असून, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा असून, जो गाडी चालवेल त्याला १५०० रुपयांपर्यंत दंड. त्यातून अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चालवेल, म्हणजे तुम्ही. ‘किंवा चालवू देईल’ असंही पुढं लिहिलंय, पण तिथं वकिलाचा चष्मा सरकला. आणि जानेवारी २०२४ मध्ये तुम्ही ‘हिट अँड रन’च्या शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध गाड्या उभ्या केल्यात, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा मीही तुमच्या बाजूनं चौकात बोललो होतो, ते विसरू नका. गाडी उभी करायचं कारण कलम असेल तर मी तुमच्याबरोबर आहे. कारण लायनर असेल तर नाही.

तुमची काळजी मला नाही असंही नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या जड ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. मी पुढची गाडी घेईन तेव्हा आपोआप येईलच. डॅशबोर्डवर औदुंबरच्या दत्ताचा फोटो मी स्वतः लावलाय. बंपरची लिंबू-मिरची दर शनिवारी नवी, त्यात कधी काटकसर केली नाही.

तेव्हा पान्याचा हट्ट सोडा. खडू शाळेत जमा करा. उद्या पहाटे चारला मार्केट यार्डात हळद भरून तयार असेल.

आपला,
एक गाडीमालक

ता. क. मागच्या डाव्या चाकाचा स्लॅक पुन्हा ढिला झाला असेल तर फोनवर तोंडी सांगा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकू नका. मला माहीत होतं, असं पुढं कोर्टात सिद्ध होतं म्हणे.