संत्र्याच्या मुलखात सफरचंद

ज्या शहराने संत्र्याला आपले नाव दिले, ज्याच्या आसपासच्या काटोल-नरखेड-वरुडच्या बागांनी पिढ्यान्‌पिढ्यांची लग्नकार्ये निभावून नेली आणि जेथे लिंबूवर्गीय फळांसाठी केंद्र सरकारला स्वतंत्र संशोधन संस्था थाटावी लागली, त्या नागपुरात, तेही मनीषनगरातल्या आमच्या घरापुढील चिमुकल्या अंगणात, सफरचंद लावण्याचा मनसुबा बोलून दाखवणे म्हणजे भोसल्यांच्या दरबारात निजामाची तारीफ करणे होय, याची मला पूर्ण जाणीव होती.

तरीही माझी बाजू अगदीच निराधार नव्हती. सफरचंदाच्या जुन्या पहाडी जातींना हिवाळ्यात सात अंशांखालचे तास हजाराच्या घरात लागतात आणि ही शीतवसुली चुकती झाल्याखेरीज झाड फुलोऱ्याची मंजुरी देत नाही, हे खरे. परंतु हिमाचलातील बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे हरिमन शर्मा यांनी उष्ण, सखल मुलखात तग धरणारी ‘एचआरएमएन-९९’ ही जात सिद्ध केली आणि २०२५ साली सरकारने त्यांना पद्मश्रीही दिली. इस्राएलची ‘ॲना’ आणि बहामा बेटांवरची ‘डॉर्सेट गोल्डन’ याही थंडीच्या बाबतीत अल्पसंतुष्ट. मात्र ॲनेला फळ धरायला शेजारी डॉर्सेट हवी, म्हणजे दोन खड्डे आणि दुप्पट टीका. सबब, परागासाठी परावलंबी नसलेली शर्मांची जात मुक्रर झाली.

सौभाग्यवतींनी दरखास्त शांतपणे ऐकून घेतली.

“अहो, पण थंडी कुठून आणणार? कूलरमधून?”

मी २९ डिसेंबर २०१८ चा दाखला पेश केला; त्या दिवशी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

“आणि मे महिन्याचा दाखला?”

ती बाब मी पुढील बैठकीसाठी राखून ठेवली.

खड्डा खणायला आलेल्या माळीबुवांनी सब्बलीला चिकटलेली काळी माती बोटांत घेऊन चोळली, तिची सुतळीएवढी वळी केली, आणि ती तुटत नाही असे पाहून मान हलवली. “भारी जमीन हाय, साहेब. पावसाळ्यात पानी धरते, मुळ्या सडतीन. सेब कायले लावता? जंबेरीवरचा संत्रा लावा नं, आंबिया बहार घ्या!” निषेध असा रीतसर नोंदवून त्यांनी काम मात्र चोख बजावले: तळाशी मुरूम, वर शेणखत, निंबोळी पेंड आणि वाळू घालून सैल केलेली माती, आळे जमिनीहून किंचित उंच, कलमाचा सांधा मातीच्या वर वीतभर मोकळा, आधाराला बांबू, आणि पश्चिमेच्या उन्हाचा बंदोबस्त म्हणून हिरवी जाळी. खोडाला पुढे उन्हाळ्यात चुना फासायची तजवीजही ठरली.

एवढ्यात भूमापन खात्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी कुंपणाशी आले. रोपाची उंची त्यांच्या गुडघ्याइतकी होती. तथापि उद्या एखादी फांदी हद्द ओलांडून गेली तर तिच्यावरील फळांची वहिवाट कोणाची, हे आजच लेखी व्हावे, असा त्यांचा आग्रह पडला. निम्मी फळे त्यांची आणि एप्रिल-मेमधील संपूर्ण पाणी त्यांचे, अशा शर्तीवर कागद तयार झाला. सौभाग्यवतींनी तो दोनदा वाचला, आणि साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी स्वतःच्या हाताने एक कलम वाढवले: घरातील कूलर कोणत्याही कारणास्तव अंगणाकडे वळवला जाणार नाही.