एक सूत कमी

कठड्याच्या डोक्यावरची ॲल्युमिनियमची कोपिंग तंतोतंत मापात कापलीच पाहिजे, असा हट्ट धरणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा घरमालक. मी दोन्ही आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा माझा अधिकार कोणी नाकारू नये. आणि माझं म्हणणं असं, की तंतोतंत कापणं हीच मुळात चूक आहे. पट्टी एक सूत कमी कापायची असते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त. टेपवरच्या बारीक रेघा वाचता येतात म्हणून माप कळतं, असा आम्हा चष्मेवाल्यांचा समज असतो. आम्ही सुतावरून स्वर्ग गाठतो. मिस्त्री त्याच सुतावर कोपिंग बसवून जेवायला निघून जातो.

मिस्त्रीच्या बाजूने पदार्थविज्ञान उभं आहे. ॲल्युमिनियमचा एक मीटर तुकडा दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०२३ मिलिमीटर वाढतो. ऐकायला ही चिल्लर वाटते. पण पुण्यात थंडीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि मे महिन्यातल्या उन्हात पडलेला पत्रा साठीला टेकतो. पन्नास अंशांच्या या फरकात दहा फुटी पट्टी साडेतीन मिलिमीटर वाढते. म्हणजे एक सूत आणि वर चिमूटभर. खालची भिंत तेवढ्याच उष्णतेत याच्या निम्मीही वाढत नाही, शिवाय तिला तापायची घाई नसते. अशा वेळी पट्ट्या एकमेकींना चिकटवून बसवल्या, तर त्या दुपारी रेटारेटी करतात, मधोमध पोट काढतात आणि स्क्रूची भोकं ओढून लांबट करतात. भर उन्हात, पट्टी पुरती वाढलेली असतानाच मापून कापली तर फट कमी ठेवून चालेल, हे खरं. फक्त त्या वेळी ती उघड्या हाताने धरून दाखवावी.

शिवाय पातंही आपला वाटा घेतं. एकाच लांब पट्टीवर चार तुकड्यांच्या खुणा आधीच करून ठेवणारा हिशेबी माणूस तीन काप घेतो. पात्याची जाडी तीन मिलिमीटर धरली, तर जवळजवळ एक सेंटिमीटर धातू चुरा होऊन पायाशी पडतो. मग चौथा तुकडा आखूड का झाला, म्हणून दोष टेपला. एक तुकडा कापावा, मग पुढची खूण करावी, एवढंच त्यातलं शास्त्र; पण त्यात कागदावर आकृती काढायची सोय नसल्याने ते मला फार उशिरा पटलं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पावसाचा: फट ठेवली की पाणी मुरणार. मुरेल, जर फटीखाली काहीच नसेल तर. चांगला फॅब्रिकेटर सांध्याखाली त्याच आकाराची वीतभर जोडपट्टी घालतो. फटीतून उतरलेलं पाणी तिच्यावरून गच्चीच्या बाजूला ओघळतं. दुसरा आक्षेप, लांबच ठेवू आणि मग कानस मारू. पातळ पत्र्याची रुंद कड कानशीखाली थरथरते आणि शेवटी ती करवंदाच्या जाळीतून काढल्यासारखी दिसते. तिसरा आक्षेप सौंदर्याचा: फट वाईट दिसते. कोणाला? रस्त्यावरून दिसते ती फक्त पुढची दोन-तीन इंचांची खाली वळलेली कड. वरचा सगळा दिमाख कावळ्यांसाठी असतो.

डोक्यावरच्या ॲल्युमिनियमचा दिमाख म्हटलं, की मला वॉशिंग्टनचा स्मारकस्तंभ आठवल्याशिवाय राहत नाही, आणि आठवला की आवरत नाही. ५५५ फूट उंचीच्या त्या दगडी स्तंभाच्या टोकावर ६ डिसेंबर १८८४ रोजी ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला. वजन १०० औंस, म्हणजे तीन किलोलाही कमी. उंची नऊ इंचांच्या आत-बाहेर. त्या काळी हा धातू चांदीच्या तोलाचा. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने तो स्वस्तात काढायची रीत शोधली आणि पुढे त्याची पातेली झाली. पण बसवण्याआधी ते टोक न्यूयॉर्कच्या टिफनीच्या जवाहिरी दुकानात मांडलं होतं, तर लोक जमिनीवर ठेवलेल्या त्या टोकावरून उडी मारायचे. कशासाठी, तर स्मारकाच्या शेंड्यावरून उडी मारली असं सांगता यावं म्हणून! मी तिथे असतो तर दोनदा मारली असती. पुढे विजा पडपडून ते टोक वितळलं आणि सुमारे ३/८ इंचाने बोथट झालं. हिशेब करून पाहा: बरोबर तीन सूत. ज्याला खाली कोणी आखूड केलं नाही, त्याला वरून केलं.

आता ज्याची मला खरोखर चीड येते ते सांगतो. कोपिंगचं काम रनिंग फुटावर ठरतं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर एक पोरगा पाय आत-बाहेर टाकून, कमरेला पट्टा नाही, दोरी नाही, असा बसलेला असतो. कापलेल्या कडेची धारदार कुसं त्याच्या बोटांत जात असतात. आणि खाली सावलीत उभा असलेला माझ्यासारखा मालक वर बघून विचारतो, ‘‘फट का ठेवली रे?’’ बिलाच्या वेळी तर आम्ही फटींची लांबी एकूण फुटांतून वजा करायला निघतो. दहा फटींचे मिळून सव्वा इंच होतात. त्याच्या कमरेला दोरी किती फूट लागली असती, हे मात्र आमच्यापैकी कोणी टेप लावून पाहत नाही. पोरगा हुज्जत घालत नाही. ‘‘साहेब, ऊन उतरल्यावर ऐका,’’ एवढंच म्हणतो आणि हत्यारं गोणीत भरतो.

ऊन उतरल्यावर पट्ट्या आकसायला लागतात आणि कठड्यावरून टक्, टक् असा आवाज येतो. प्रत्येक टक् एकेका फटीतून.