माणूस ओळखावा कसा? नवशिक्यांसाठी गौतमपुरा पद्धत

साहित्य: शंकास्पद प्राणी एक, हिंगणबेटाची फळं झोळीभर, दिवाळीचा पाडवा. स्थळ: इंदूरपासून साठेक किलोमीटरवरचं गौतमपुरा. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाचं गाव, तेव्हा मराठी माणसाने परकेपणा मानू नये.

पाडव्याच्या ज्या संध्याकाळी आपल्याकडे बायका नवऱ्यांना ओवाळतात, त्याच संध्याकाळी इथे गौतमपुऱ्याचे ‘तुर्रा’ आणि शेजारच्या रुणजीचे ‘कलगी’ मैदानात समोरासमोर उभे राहून एकमेकांवर पेटती हिंगोटं, म्हणजे दारू ठासलेली हिंगणबेटाची फळं, सोडतात. (आपले कलगीवाले आणि तुरेवाले शाहीर शक्ती थोर की शिव थोर, यावर डफ-तुणतुणं घेऊन रात्र जागवत. भाजायचे तेही, पण शब्दांनी.) माणूस इतर प्राण्यांहून मुळातच वेगळा आहे का, हे तपासायला याहून सोयीची प्रयोगशाळा मला माहीत नाही.

सुरुवात हत्यारापासून करा. हिंगणबेटाचं फळ झाडावरून उतरवा, साल काढा, आतला गर कोरून काढा आणि कवच उन्हात कडकडीत वाळवा. मग त्यात दारू ठासा (उडवायची, प्यायची नव्हे), एक तोंड मातीने बुजवा, दुसऱ्याला वात ठेवा. नेम सरळ जावा म्हणून बांबूची बारीक काडी बांधा. इथवर आलात की नवशिके हमखास पेढे वाटतात: हत्यार घडवतो तो माणूस, ठरलं! पेढे परत घ्या. 1960 साली टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी चिंपांझींना डहाळीची पानं ओरबाडून, ती डहाळी वारुळात खुपसून वाळवी काढून खाताना पाहिलं. तेव्हापासून ही व्याख्या रद्द आहे. कोरणं, वाळवणं, ठासणं, बांधणं हा खटाटोप मोठा खरा, पण वारुळातल्या काडीपासून सुरू होणाऱ्या रस्त्यावरचाच तो पुढचा टप्पा.

मग ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ असे दोन तट पाडून पाहा. उपयोग नाही. त्याच गोंबेत एका कळपाचे दोन झाले आणि 1974 ते 1978 या चार वर्षांत मूळ कळपातल्या नरांनी फुटून गेलेल्यांना एकेक गाठून संपवलं. पूर्वी एकमेकांच्या उवा काढणारे ते. भाऊबंदकीवर माणसाने हक्क सांगू नये.

आगीचा पुरावा जरा बरा. एका हातात ढाल, खांद्यावर हिंगोटांची झोळी, दुसऱ्या हातात जळतं लाकूड. त्यावर वात टेकवायची आणि फेकायचं. मात्र ऑस्ट्रेलियातल्या काही घारी वणव्यातल्या जळत्या काटक्या उचलून पुढे टाकतात आणि पळणारे उंदीर-टोळ टिपतात, असं तिथले मूलनिवासी पूर्वापार सांगत आले आहेत. घारींना काडी पेटवता येत नाही, एवढ्यावर तूर्त समाधान माना.

साफा-फेटा बांधून मिरवण्याला गुण देऊ नका. माळव्यातच, रतलामकडच्या सैलान्याच्या माळावर, पावसाळ्यात खरमोर पक्ष्याचा नर डोक्यामागे पिसांचा तुरा घेऊन गवतातून दिवसाला शेकडो उड्या मारतो. निदान त्याला मादी तरी मिळते.

इथे खरी परीक्षा सुरू होते. लढायच्या आधी दोन्ही गावचे लढवय्ये देवनारायणाच्या मंदिरात दर्शन घेतात, गळाभेट घेतात. तासा-दीड तासाने लढत थांबते. कोण जिंकलं? कोणीच नाही, तसं जाहीर करायची रीतच नाही. जमीन मिळत नाही, मादी मिळत नाही, वाळवीसुद्धा मिळत नाही. एवढं निष्फळ भांडण दुसरा कुठला प्राणी करतो?

गल्लीतली कुत्र्याची पिल्लं करतात. पुढचे पाय टेकून, शेपूट हलवून ‘हा खेळ आहे बरं’ असं आधी सांगतात, मग एकमेकांच्या मानेवर तुटून पडतात. पण दात दाबत नाहीत. एखादं कळवळलं की सहसा दुसरं थांबतं. गौतमपुऱ्यात गळाभेट खरी असते आणि भाजणंही खरंच असतं. दरवर्षी माणसं जखमी होतात, 2017 साली एका तरुणाचा जीव गेला. खेळ म्हणून सुरू करायचं आणि दात पुरते लावायचे, वर पुढच्या पाडव्याची तारीख ध्यानात ठेवून पोरालाही शिकवायचं, एवढं सगळं एकत्र जमलेला दुसरा प्राणी मला तरी आढळलेला नाही.

माणूस आणि वरच्या दर्जाचे प्राणी यांच्या मनात फरक आहे तो कमी-अधिकपणाचा, मूळ जातीचा नव्हे, असं डार्विनने 1871 सालीच लिहून ठेवलं. माझं मत त्याच्याच बाजूने आहे. फक्त कमी-अधिकपणातला अधिकपणा मोजायला त्याने एकदा पाडव्याला इथे यायला हवं होतं.

तुम्ही जाणार असाल तर जाळीच्या मागे उभे राहा, अंगात सुती कपडे असू द्या, पोरांना खांद्यावर घेऊ नका. कुत्रा घरीच ठेवा. त्याला यातलं काही पटणार नाही.