मधले दात

शनिवार पेठेत गाडीला इंजिन लागतं ते केवळ चावी फिरवल्याचं समाधान मिळावं म्हणून. आमच्या मारुती आठशेला कंपनीने चार गिअर दिले, त्यातले वरचे दोन पेठेत फुकट जातात. ७९६ सीसीचं ते तीन सिलिंडरचं इंजिन वर्षानुवर्षं दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत असतं आणि बहुधा म्हणूनच धडधाकट असतं. राबतं ते स्टीअरिंग. बोळातून निघताना डावीकडची रिक्षा चुकवा, उजवीकडे कडेला लावलेली पण मनाने रस्त्यात असलेली स्कूटर चुकवा, रमणबाग शाळा सुटली असेल तर जे जे दिसेल ते सगळं चुकवा. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून, दुकानदाराशी उरलेला वाद घालत उलट्या पावली रस्त्यावर येणारे पालक चुकवा. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तींनी धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे ठोकले आहेत. पेशव्यांना फक्त हत्तींचीच काळजी होती, मजा होती एकेकाची.

तर आमच्या स्टीअरिंगमध्ये प्ले आला. म्हणजे चाक थोडं फिरवलं तरी गाडीला पत्ताच नसायचा, आणि मग पत्ता लागला की एकदम लागायचा. खड्ड्यातून गेलं की पायापाशी टक टक असा आवाज. गाडी रस्त्यावरून सरळ न जाता मान हलवत जायची. मुलगी मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, आपला डुल्या मारुती झाला." पुण्यात मारुतींना तोटा नाही. जिलब्या आहे, बटाट्या आहे, पत्र्या आहे, सोन्या आहे. पण डुल्या मारुती गणेश पेठेतला. गणेश पेठेचा मारुती शनिवार पेठेत लावायचा म्हणजे सोसायटीची परवानगी काढावी लागणार.

सोसायटीतर्फे तळमजल्यावरच्या काकांनी प्रकरण हातात घेतलं. जिन्याखाली उभं राहून त्यांनी चाकांकडे बराच वेळ पाहिलं.

"तेल घातलं का?"

"काका, याला तेल नसतं. ग्रीस असतं. तेल पॉवर स्टीअरिंगला."

"मारुतीच ना? शनिवारी घालून बघ. नाहीतर रुईचा हार घाल."

काकांकडे एके काळी पद्मिनी होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, गिअरचा दांडा स्टीअरिंगला चिकटलेला, आणि अंगाने अशी की वळवताना चालवणाराच आधी वळायचा. "आमच्या फियाटला रॅकबिक असली भानगड नव्हती," ते म्हणाले. "बॉक्स होता, बॉक्स." हे खरं आहे. फियाटला स्टीअरिंग बॉक्स होता. पण ज्या ॲम्बॅसिडरला आपण सगळे बैलगाडीची थोरली बहीण समजत आलो, तिला मात्र रॅक होता, हे मी वाचलेलं होतं आणि ते न सांगता राहणं मला जमलं नाही.

"म्हणून तर ती सरकारने घेतली," काका म्हणाले आणि आत निघून गेले.

या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण वादात आपण हरलो, एवढं तेव्हाच कळलं होतं.

ओंकारेश्वराकडे उतरताना एक गॅरेज आहे. तिथले मिस्त्री कमी बोलतात. गाडी जॅकवर घेऊन त्यांनी पुढचं चाक दोन्ही बाजूंनी, घड्याळात नऊ आणि तीन असतात तिथे धरलं आणि हलवलं. मग वरून-खालून, बारा आणि सहाला धरून हलवलं. वरखाली हललं असतं तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट. ते हललं नाही. आडवं हललं. मग त्यांनी मला आत बसवून स्टीअरिंग थोडं थोडं इकडे-तिकडे करायला लावलं आणि स्वतः गाडीखाली झोपून हात लावून पाहत राहिले. टाय रॉडचे एंड बरे निघाले. मला उगाचच अभिमान वाटला.

"रॅक गेला," गाडीखालून आवाज आला.

रॅक म्हणजे काय, हे ज्यांना आजवर कळून घ्यावं लागलेलं नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला एक छोटं दातेरी चक्र असतं, ते पिनियन. ते एका आडव्या दातेरी दांड्यावर बसतं, तो रॅक. तुम्ही चाक फिरवता, पिनियन फिरतं, रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याच्या दोन टोकांना जोडलेले टाय रॉड पुढच्या चाकांना ओढतात, ढकलतात. दोन्ही टोकांवर रबरी बूट असतात, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून. रॅक पिनियनला बिलगून राहावा म्हणून मागून एक प्लंजर त्याला स्प्रिंगने दाबून धरतो आणि तो किती दाबायचा हे एका नटवर ठरतं. वाहनशास्त्रातली ही इतकी सरळ रचना आहे की तिच्यावर मतभेद व्हायला शनिवार पेठच पाहिजे.

मिस्त्रींनी आधी तो नट आवळून पाहिला. प्ले गेला! समोर सरळ धरलं तर स्टीअरिंग अगदी कसं ठणठणीत. मी पाकीट काढणार एवढ्यात ते म्हणाले, "आता पुरं वळवा." वळवलं. टोकाशी जाऊन ते जे अडकलं, ते परत यायलाच तयार नाही. एरवी वळण संपलं की स्टीअरिंग आपोआप हातातून सरळ होत येतं. हे तिथेच बसून राहिलं. पेठेतल्या बोळातून फाटकात शिरायचं म्हणजे पुरंच वळवावं लागतं, आणि तिथे स्टीअरिंगने सत्याग्रह पुकारला तर रात्रभर रस्ता बंद. मिस्त्रींनी नट पुन्हा सैल केला.

"मध्ये सैल, टोकाला घट्ट. खोलून बघावं लागेल."

खोललं. ग्रीस पुसून त्यांनी रॅक उजेडात धरला. दोन्ही टोकांचे दात अजून कोरे, टोकदार, आणि मधले मात्र जुन्या वाड्याचा उंबरठा झिजावा तसे मध्येच बसलेले. मिस्त्रींनी त्या मधल्या दातांवरून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "ही गाडी तुम्ही कोणाकडून घेतली?"

गाडी मी ज्या सद्गृहस्थांकडून घेतली ते फारच सज्जन होते. त्यांनी चहा दिला होता, सर्व्हिसिंगच्या पावत्या फायलीत लावून दाखवल्या होत्या, आणि गाडी फारशी कुठे गेलेलीच नाही, फक्त घर ते देऊळ, असं देव्हाऱ्याकडे बघत सांगितलं होतं.

मिस्त्री म्हणाले, "देऊळ तुळजापूरचं असणार."

आणि मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, कदाचित त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण. गाडी सरळ जात असते तेव्हा पिनियन रॅकच्या मधल्या दातांवर असतं. हायवेवर तासन्‌तास ते तिथेच थरथरतं, म्हणून झिजतात ते मधले दात. टोकाचे दात वापरले जातात ते फक्त गाडी लावताना आणि बोळात वळताना. म्हणून मध्ये आवळलं की टोकाला अडकतं आणि टोकाला सैल सोडलं की मध्ये प्ले येतो. निव्वळ पेठेत फिरलेल्या गाडीचे दात असे नसतात. तिचे झिजले तर सगळीकडून झिजतात. माणूस देवासमोर काहीही बोलू शकतो. किलोमीटरचा काटा मागे फिरवणारेही असतात. रॅकचे दात कोणी परत उगवून आणत नाही.

बूट फाटले असते, बुश गेले असते, तर तेवढं बदलून भागलं असतं. दातांवर इलाज नाही, रॅक बदलायचा. ही बातमी इमारतीत माझ्या आधी पोचली. १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली ही आठशे २०१४ च्या जानेवारीत बनायची बंद झाली. तिच्यावर पैसे घालायचे म्हणजे काय, असा एकंदर सूर होता. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला तपासणीला न्या, पर्यावरण कर भरा, आणि वर आता हा रॅक. "भंगारात दे," असं तिघांनी सांगितलं. त्या तिघांनीही आपापल्या मुलीच्या लग्नात नवरदेव आणायला हीच गाडी नेली होती, हे मी बोललो नाही. ब्रेक आणि स्टीअरिंग यांच्या खर्चाचा हिशोब गाडीच्या किमतीशी घालू नये, असं माझं मत आहे. त्यांच्या चुकीची किंमत वेगळ्याच खात्यातून वसूल होते.

रॅकसाठी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही भाग नाना पेठेत मिळतो, फक्त कुठला पाहिजे ते तिथल्या भाषेत सांगता आलं पाहिजे. "ओरिजिनल, लोकल की जुना?" काउंटरवरच्याने मान वर न करता विचारलं. जुना सगळ्यात स्वस्त होता आणि हातात घेतल्यावर भरभक्कमही वाटला. पण आता मी शहाणा झालो होतो. तो कुठल्या देवळाला जायचा, कोण जाणे! नवाच घेतला, बुटांसकट.

बसवण्याचं काम मिस्त्रींनी ज्या पद्धतीने केलं ते बघण्यासारखं होतं. टाय रॉडचे एंड सोडवण्याआधी त्यांनी दोन्ही बाजूंचे आटे मोजून खडूने जमिनीवर लिहून ठेवले. नवा रॅक या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्यांत जातो ते मोजलं, त्याच्या बरोबर निम्म्यावर आणून ठेवला, आणि मगच पायाशी असलेल्या जॉइंटचा बोल्ट आवळला. यातली एक पायरी चुकली की गाडी सरळ जाते आणि स्टीअरिंग तिरकं राहतं. खडूने लिहिलेले आकडे मध्ये चहा घेऊन आलेल्या पोराने पायाने पुसले, पण मिस्त्रींना ते पाठ होते.

नवीन रॅक बसला की अलाइनमेंट करावीच लागते, आटे कितीही मोजा. नाहीतर पुढचे टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात आणि बारा इंची टायर शोधत पुन्हा बाजार हिंडावा लागतो. ते करून घेतलं. पण गाडी खरोखर सरळ जाते की नाही, हे तपासायला शनिवार पेठेत सरळ रस्ता कुठून आणायचा? शेवटी नदीपात्रातल्या रस्त्यावर गेलो. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो रस्ता नदीच परत घेते, एरवी आपला असतो. पहाटे हात हलकेच सोडून पाहिले. गाडी रेषेत गेली. टक टक नाही, डुलणं नाही. तिसरा गिअरही सापडला.

काकांनी संध्याकाळी एक फेरी मागितली. ओंकारेश्वरापर्यंत जाऊन आलो. उतरताना म्हणाले, "बघ, तेल घातल्याचा फरक पडतो."

तुम्ही जुनी आठशे घेणार असाल तर मालक सांगतो ते ऐका, चहा घ्या, पावत्या बघा. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये सैल आणि टोकांना घट्ट लागलं, तर रॅकचे पैसे किमतीतून वजा करून मागा. देवळाचं नाव विचारू नका.