कंडेन्सरकाका

वसई ते विरार कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एखादे तरी काका असे निघतील ज्यांचा व्हॉल्व्हचा प्रीॲम्प्लिफायर 'जवळजवळ तयार' आहे. आमच्या काकांचा कित्येक पावसाळे जवळजवळ तयार आहे. ट्रान्सफॉर्मर बसला, ईसीसी८३ व्हॉल्व्ह बसले, पत्र्याच्या डब्याला रंगसुद्धा झाला. अडलंय ते फक्त कंडेन्सरवर.

एका व्हॉल्व्हकडून दुसऱ्याकडे आवाज जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा, एवढंच त्या कंडेन्सरचं काम. पण काका मुंबई सेंट्रलला उतरतात, लॅमिंग्टन रोड पालथा घालतात. सिरॅमिक दाखवला की नाक मुरडतात, पॉलिएस्टर "ठीक" असतो, पॉलिप्रॉपिलीन हाती आला की चष्मा कपाळावर जातो. चारशे व्होल्टचा पुरेसा असला तरी सहाशे तीसचाच घेतात. "स्विच लावल्या लावल्या व्हॉल्व्ह थंड असतात रे, सगळा दाब याच्यावर येतो!" मग खरेदी रिकाम्या जेवणाच्या डब्यात, रुमालात गुंडाळून, विरार लोकलच्या गर्दीत छातीशी धरलेली. स्वतःच्या बरगड्या मोडल्या तरी चालतील, कंडेन्सरचे पाय वाकता कामा नयेत.

एकदा मी गणित काढलं. ०.१ मायक्रोफॅरड आणि पुढे एक मेगओहम, म्हणजे खाली दीड-पावणेदोन हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. माणसाचा कान विसापासून पुढे ऐकतो. मग काकांचा ०.२२चा हट्ट कशाला? काका माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "मोकळेपणा येतो."

नवा कंडेन्सर लावला की शंभर तास मुरवायचा, हा त्यांचा नेम. "लोणचं आहे का ते?" काकू विचारतात. एका संध्याकाळी मात्र काकू आपण होऊन म्हणाल्या, "अहो, आज काय स्वच्छ ऐकू येतंय!" काका खुर्चीतून उठलेच. "बघ! रशियन आहे, कागद आणि तेलाचा!" काकू म्हणाल्या, "तसं नव्हे हो, खाली टँकरची मोटर बंद आहे ना आज."

गंमत म्हणजे दुसऱ्याच्या कामात हे लाड नाहीत. शेजारच्या आजींचा जुना मर्फी रेडिओ फाटक्या आवाजात खरखरत होता. काकांनी उघडला, मेणाळलेले कागदी कंडेन्सर उपटले. "हे गळतात. पुढच्या व्हॉल्व्हला डीसी लागतो, आवाज फाटतो, व्हॉल्व्हही जातो." खणातले हाताला लागले ते पॉलिएस्टरचे जोडले आणि चहा निवायच्या आत विविध भारती लागली. आवाज असा गोड की आजींनी पदर डोळ्यांना लावला. तिथे मोकळेपणाचा विषयच निघाला नाही.

काकांना प्रीॲम्प्लिफायर पुरा करता येत नाही असं नाही. तो पुरा झाला तर शनिवारी करायचं काय, हा प्रश्न आहे.

तुमच्या इमारतीत असे काका असले तर "फरक जाणवला का?" या प्रश्नाला बिनदिक्कत "हो" म्हणा. उघड्या डब्यात हात मात्र घालू नका. वीज गेली तरी आतले मोठे कंडेन्सर अडीचशे व्होल्ट धरून बसलेले असतात.