चाल सापडेना

युरोपातल्या लोकांचा मला हेवा वाटतो. बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' शंभरेक वर्षं अडगळीत पडलं होतं. १८२९ साली बर्लिनमध्ये विशीतल्या मेंडेल्सोननं ते बाहेर काढलं, थोडी कात्री लावली आणि लोकांसमोर उभं केलं. पुढे तिकडे जुनं संगीत जुन्याच वाद्यांवर आणि जुन्याच पट्टीत वाजवणाऱ्या मंडळ्यांचं पेवच फुटलं. त्यांचं काय बिघडतंय म्हणा! त्यांच्या पूर्वजांनी सूर न् सूर कागदावर उतरवून ठेवला होता. आमच्या पूर्वजांनी पदाच्या डोक्यावर फक्त एवढंच छापून ठेवलं : 'चाल – अमुकअमुक.'

हे दुःख कळायला श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं नाटक हातात घ्यावं लागतं. अकोल्यातली आम्ही काही रिकामटेकडी माणसं शनिवारी संध्याकाळी पेटीभोवती बसतो आणि नेमकं तेच करतो. 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर' सगळा महाराष्ट्र गातो, त्यात आमची काय गरज? कोल्हटकर मात्र घरचे. बालपण बुलढाण्याला गेलं, १८९७ साली एलएल.बी. झाल्यावर वकिली मांडली ती आमच्या अकोल्यात, आणि पुढचा संसार जळगाव-जामोद, खामगावकडे. 'सुदाम्याचे पोहे' लोक अजून चवीनं खातात, त्यांचं महाराष्ट्रगीत एक मेला हमखास निघतं. पण ज्या नाटकांपायी गडकऱ्यांसारख्या माणसानं त्यांना गुरू मानलं, ती 'वीरतनय', 'मूकनायक', 'मतिविकार' कुठे आहेत? एखाददुसरं पद सोडलं तर बाकीची मुकीच झाली.

तर अशा एखाद्या नाटकाच्या पुस्तकाचं पान. पिवळं पडलेलं, कडेला कसरीनं कुरतडलेलं. मध्ये पद, आणि वर बारीक टाइपात 'चाल' म्हणून दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे तीन शब्द. ते गाणं कधी पारशी कंपनीच्या उर्दू नाटकातलं, कधी भलत्याच कुठल्या मुलखातलं. १८९६ साली किर्लोस्कर मंडळीनं 'वीरतनय' रंगभूमीवर आणलं तेव्हा प्रेक्षकाला तेवढे तीन शब्द पुरत असतील. आज आम्ही ते वाचून एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. म्हणजे नातवाला उठवायचं तर आधी आजोबांचा पत्ता काढा, आणि आजोबा तर मुंबईच्या कुठल्या थिएटरात वारलेले!

रेकॉर्डींचा आधार घ्यावा, तर तिथेही नशीब आडवं. किर्लोस्कर मंडळीचे लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले आणि ग्रामोफोन कंपनीचे रेकॉर्डिंगवाले कलकत्त्याला उतरले १९०२ साली. इतकी थोडक्यात झालेली चुकामूक मी फक्त मूर्तिजापूरच्या फलाटावर पाहिली आहे.

गंमत अशी, की आम्ही ज्याला आज सोवळ्यात ठेवून जपतो आहोत ते त्या काळचं भलतंच चावट नवं होतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या साक्या-दिंड्यांत कीर्तनाचा वास होता, ऐकणाऱ्याला देवळात बसल्यासारखं वाटायचं. वकीलसाहेबांनी त्या देवळात पारशी थिएटरच्या उडत्या चाली आणून सोडल्या. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. आज आपल्या राजराजेश्वराच्या कावडयात्रेत डीजे वाजला की आपण कानावर हात ठेवतो ना, तसंच काहीसं. सव्वाशे वर्षांनी अकोल्यात कुणी चार म्हातारे त्याच डीजेवरच्या गाण्याची 'मूळ शुद्ध चाल' शोधत डोळे मिटून बसलेले असतील, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

वाद्यांचीही तीच रड. संगीत नाटकाला ऑर्गन हवा, पायानं भाता मारायचा. आमच्या एका मित्राकडे तो आहे, वाडवडिलांकडून आलेला. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर चढला की त्याचं लाकूड आकसतं आणि भात्यातून सुरांआधी सुस्कारे निघतात. भात्याला कातड्याचं ठिगळ आहे, ते पाय जरा जोरात पडला की फुर्र करतं. तरुण मुलं म्हणतात, कीबोर्डवर ऑर्गनचं बटण असतं, दाबा. असतं खरं. पण त्याला धाप लागत नाही, आणि आमच्या गाण्याला धाप लागणारं वाद्यच शोभून दिसतं. जुने नट काळी चारमध्ये बिनमायक्रोफोनचे शेवटच्या रांगेपर्यंत पोचत. आमची मजल काळी एक. त्यातही वरचा षड्ज आला की सगळे तबल्याकडे बघतात.

परवा असंच एक पद घोळवत होतो. शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय होऊन राह्यलं जी? कोणाची तब्येत खराब हाये काय?" आम्ही म्हटलं, नाही काकू, नाट्यसंगीत आहे. "असं होय! मंग चालू द्या," म्हणाल्या, "मले वाटलं डॉक्टरले बोलवा लागते." थोड्या वेळानं मात्र पोह्यांचं ताट त्याच भिंतीवरून आलं. कोल्हटकरांचं पद म्हणताना पोहे यावेत, याला मी तरी योगायोग मानत नाही.

वऱ्हाडात एकेकाळी कापसाचा पैसा खुळखुळला की नाटक कंपन्यांचे तंबू पडत, रात्री नऊला उघडलेला पडदा पहाटे पडे, आणि 'वन्समोअर'च्या आरोळ्यांनी नट दमून जाई. आम्हाला अजून कुणी वन्समोअर दिलेला नाही. एकदा 'बस्स' आलं होतं, पण ते चहावाल्याला उद्देशून असावं.

सध्या आमच्यात भांडण आहे ते एका पदावरून. त्याची चाल कुठेच सापडत नाही. निवृत्त मास्तरांचं म्हणणं, सापडेपर्यंत थांबायचं. मनानं चाल लावणं म्हणजे भ्रष्टाचार. माझं म्हणणं, आजच्या एखाद्या गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर बेलाशक बसवून टाकावं, वकीलसाहेबांनी दुसरं काय केलं असतं? मतदान घेतलं, दोन विरुद्ध दोन झालं. पेटीवाले तटस्थ आहेत. दोन्ही बाजू त्यांना आळीपाळीनं चहा पाजताहेत, आणि एवढ्यात निकाल देण्याचा त्यांचा काही विचार दिसत नाही.